पट७म४, उदाहरणादाखल

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला नाव नसते आणि मरतो तेव्हा दाखल्यावर ते चुकीचे पडलेले असते. मधल्या काळात त्याला सांभाळतो तो क्रमांक. नाव दोघांचे सारखे असू शकते, चेहरा उतारवयात दगा देतो आणि सही तर बँकेला कधीच पटत नाही. क्रमांकाचे तसे नाही. तो एकदा मिळाला की माणसाला स्वतःबद्दल फारसे काही सांगावे लागत नाही.

आमच्या नळजोडणी सुसूत्रीकरण कक्षाला हे सत्य २००५ साली उमगले. कक्ष भाईंदर पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर आहे. (खाली फरसाणाचे दुकान आहे. पत्ता विचारणाऱ्याला आम्ही दुकानाचेच नाव सांगतो, कारण ते लोकांना माहीत असते.) नळ जोडून देणे हे आमचे काम नव्हे, ते दुसरे कार्यालय करते. आम्ही फक्त अर्ज सुसूत्र करतो, आणि अर्ज सुसूत्र झाल्याशिवाय ते कार्यालय पाना हातात घेत नाही. पूर्वी हे अर्ज नावाने लावलेले असत. त्यामुळे एका गठ्ठ्यात एकाच नावाचे नऊ जण निघत आणि जोडणी मंजूर झाली की नऊही जण हजर होत.

यावर तोडगा म्हणून आमच्या प्रमुख गिरिजा मॅडम यांनी स्वप्नील नावाच्या इंजिनीअरकडून एक प्रोग्रॅम लिहून घेतला. त्याला तीन दिवस लागले. पडद्यावर एकच बटण होते, त्यावर ‘द्या’ असे लिहिले होते. ते दाबले की पाच अक्षरांचा एक संकेतांक येई, जो आधी कोणालाही दिलेला नसे आणि पुढे कोणालाही दिला जाणार नसे. त्यासाठी वीस व्यंजने आणि आठ अंक निवडले होते. ख वगळला होता, कारण तो रव वाटतो. भ वगळला होता, कारण तो घाईत म होतो. शून्य आणि एक हे अंकही गेले, का ते आता आठवत नाही, पण कारण तेव्हा सर्वांना पटले होते. असे एकूण एक कोटी बहात्तर लाख दहा हजार तीनशे अडुसष्ट संकेतांक होऊ शकत. मीरा-भाईंदरला पाणी पुरणार नाही याची खात्री होती, पण संकेतांक पुरणार याचीही होती.

१० जानेवारी २००५ रोजी प्रोग्रॅमची चाचणी झाली. त्या दिवशी रांगेत पहिल्या होत्या पालीच्या शेवंतीबाई. उत्तनच्या पुढे समुद्राला लागून पाली आहे. शेवंतीबाई तिथून मासळीची पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात येतात. त्यांच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते, त्यामुळे टँकर आत जात नाही. त्यांचे यजमान राघो हे खालच्या सार्वजनिक नळावरून स्कूटरला कॅन लटकवून पाणी आणत. राघोंचे गुडघे आणि स्कूटर दोन्ही एकाच सुमारास बिघडू लागले होते. म्हणून बाईंना अंगणात नळ हवा होता.

मॅडमनी स्वहस्ते बटण दाबले. पडद्यावर आले: पट७म४. टाळ्या झाल्या. शेवंतीबाईंनी चिठ्ठी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि विचारले, “मंग पानी कवा येल?”

“आधी माहितीपुस्तिका येईल,” मॅडम म्हणाल्या.

हे त्या चेष्टेने म्हणाल्या नाहीत. कोणतीही यंत्रणा माहितीपुस्तिकेशिवाय सुरू करता येत नाही, असा नियम आहे. स्वप्नीलने पुस्तिका आधीच जोडली होती. ती अशी: ‘बटण दाबा. संकेतांक मिळेल.’

मॅडमनी ती दोनदा वाचली. कागद उलटून मागेही पाहिले.

“स्वप्नील, एवढंच?”

“मॅडम, एवढंच आहे त्यात.”

“तसं कसं? माणूस वाचायला बसला तर त्याने काय वाचायचं?”

आणि हे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा कक्षात कनिष्ठ सहायक होतो. परळहून मीरा रोडला राहायला येऊन मला तीन वर्षे झाली होती आणि दोन निवृत्त सहकाऱ्यांची मानपत्रे मी लिहिली होती. त्यातले एक ऐकून खुद्द निवृत्त होणाऱ्याने ‘हे कोण?’ असे विचारले होते. माझ्या लेखनाबद्दल कार्यालयात अशी ख्याती होती.

माहितीपुस्तिका मी चौदा महिन्यांत पूर्ण केली. पाने एकशे शहाऐंशी. खोटे कशाला बोलू, मला तिचा अभिमान होता आणि आजही थोडा आहे. पहिले प्रकरण बटणाविषयी होते, दुसरे बटण दाबण्यापूर्वीच्या तयारीविषयी, तिसरे कोणते बोट वापरावे याविषयी (उजव्या हाताचे, डावखुऱ्यांसाठी परिशिष्ट दोन). चौथ्यात अपशब्दांचा विचार होता. यंत्र अक्षरे स्वतःच जुळवत असल्याने एखाद्या सभ्य नागरिकाच्या अर्जावर भलताच शब्द उमटण्याची भीती होती. म्हणून मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चार भाषांतील वर्ज्य शब्दांची यादी करायला समिती नेमली. तिच्या सात बैठका झाल्या. उपस्थिती शंभर टक्के होती, निवृत्त सभासदही आपणहून येऊ लागले. एकंदर चारशे बारा शब्द निघाले. यादी इतकी वाईट झाली की ती गोपनीय ठरवून कपाटात ठेवावी लागली, आणि गोपनीय असल्याने स्वप्नीलला दाखवता आली नाही. प्रोग्रॅम तिच्याविनाच चालला.

माझी स्वतःची भर दोन ठिकाणी आहे. पान ७३ वर मी लिहिले: ‘संगणकाने काही विचारल्यास “होय” म्हणावे. “नाही” म्हटल्यास तो पुन्हा विचारतो.’ हे अनुभवाचे बोल होते. आणि पान ११८ वर लिहिले: ‘वेळेबाबत वाद झाल्यास कार्यालयातील भिंतीवरचे घड्याळ प्रमाण मानावे.’ ही दोन वाक्ये पुढे इतकी उपयोगी पडतील असे मला लिहिताना वाटले नव्हते.

अडले ते पान ४४ वर. तिथे भरलेल्या अर्जाचा नमुना द्यायचा होता, आणि नमुन्यात संकेतांकाचा रकाना रिकामा ठेवणे बरे दिसेना.

“काहीतरी खोटा टाका, सर,” स्वप्नील म्हणाला. “सगळीकडे तसंच करतात.”

“सरकारमान्य पुस्तिकेत खोटी माहिती?” मॅडम म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. खरा संकेतांक त्या वेळी जगात एकच होता. मी रकान्यात लिहिले: उदाहरणादाखल, पट७म४.

एप्रिल २००६ मध्ये पुस्तिका लागू झाली आणि पान ४४ मोठे करून कार्यालयाबाहेरच्या काचेच्या फलकात कुलूप लावून ठेवले. आता आपल्याकडची एक रीत सांगायला हवी. मीरा-भाईंदरमध्ये मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, आगरी, कोळी असे सगळे राहतात आणि एकमेकांशी कशावरही एकमत होईल याची खात्री नसते. पण भरलेला नमुना दिसला की सर्व जण तो जसाच्या तसा उतरवतात. त्यात समजूतदारपणा आहे. आपल्या डोक्याने लिहिलेला अर्ज परत येतो, नमुन्यासारखा सहसा येत नाही. फाटकासमोर टेबल टाकून बसणारे बबनराव गेली अठरा वर्षे लोकांना अर्ज लिहून देत होते आणि त्यांचा एकही अर्ज कधी परत आला नव्हता. नमुन्याबाहेर एक स्वल्पविराम टाकायचा नाही, हा त्यांचा धर्म होता.

“बबनराव, संकेतांक ज्याचा त्याचा वेगळा असतो,” मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितले. “खिडकी एकवर चिठ्ठी मिळते, त्यावरचा लिहायचा.”

“गुणवंतराव, फलकावर काय आहे?”

“ते उदाहरण आहे.”

“मग चांगलंच असणार. वाईट उदाहरण तुम्ही कशाला द्याल?”

तरी काही हट्टी लोक स्वतःचा संकेतांक लिहून आणत. खिडकी दोनवर ममता बसत. पान ६१ प्रमाणे अर्ज नमुन्याबरहुकूम आहे का, हे त्या एकेका अक्षरावर बोट ठेवून पाहत. वेगळा संकेतांक दिसला की ‘नमुन्याशी विसंगत’ असा शिक्का मारून अर्ज परत. लोक खाली जाऊन बबनरावांकडून पट७म४ लिहून आणत आणि अर्ज हसत स्वीकारला जाई. संगणक दर वेळी विचारी, ‘या संकेतांकावर आधीच एक व्यक्ती आहे. बदलू का?’ ममता पान ७३ प्रमाणे होय म्हणत.

तीन महिन्यांत तीन हजार एकशे चाळीस अर्ज आले. त्यांपैकी तीन हजार एकशे अठरांवर पट७म४ होता. उरलेले बावीस अर्ज ममता रजेवर असताना घेतले गेले होते.

स्वतःची गोष्ट लपवत नाही. मीरा रोडच्या आमच्या इमारतीत एक दिवसाआड वीस मिनिटे पाणी येई, म्हणून मीही अर्ज केला होता. संकेतांकाच्या रकान्यात मी पट७म४ लिहिले. नमुना ज्याने लिहिला त्यानेच तो पाळला नाही, तर लोकांनी कोणाकडे पाहायचे?

जुलैत शेवंतीबाई चौकशीला आल्या. पाटी बाहेर ठेवून आत आल्या आणि तीच घडी पडलेली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी संकेतांक टाकला. पडद्यावर एक गृहस्थ आले, पत्ता वरसावे.

“मावशी, तुम्ही वरसाव्याला राहता?”

“न्हाय सायब. पालीन.”

मी त्यांना थांबायला सांगितले. अकरा वाजता पाहिले तर त्या चेण्याला राहत होत्या. जेवणानंतर मीरा रोडला सातव्या मजल्यावर गेल्या. संगणक ज्याने शेवटी अर्ज दिला त्यालाच ओळखत होता. शेवंतीबाई दिवसभर बाकावर बसून होत्या आणि त्यांना आपण इतके हिंडलो याची कल्पना नव्हती.

“दीड वरीस झाला,” त्या म्हणाल्या. “पयला नंबर माजा व्हता, सायब. तुमीच टाल्या वाजवल्या. आता राघोला स्कूटर उचलत न्हाय. डोक्यावर हंडा मीच आनते. मना सांगा, माजा काय चुकला?”

मला लाज वाटली. कार्यालयात लाज नोंदवण्यासाठी रकाना नाही, म्हणून मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्या चहा प्यायल्या, कप स्वतः विसळून ठेवला, आणि विसळलेले पाणी कुंडीत ओतले.

मी मॅडमकडे गेलो आणि शुद्धिपत्रक काढू या म्हणालो. त्यांनी मला एक पत्र दाखवले. ते वरिष्ठ कार्यालयाकडून आलेले अभिनंदनाचे पत्र होते. संगणक प्रलंबित अर्ज संकेतांकावरून मोजत असल्याने आमच्याकडे तीन हजार एकशे चाळीस नव्हे, तर तेवीसच अर्ज प्रलंबित दिसत होते. त्यातले बावीस निकाली निघाले होते. राज्यात इतकी प्रगती कोणाची नव्हती. महिनाअखेरीस पाच वाजेपर्यंत उरलेला एक अर्ज निकाली काढावा, म्हणजे कक्ष शून्य प्रलंबित म्हणून जाहीर करता येईल, असे पत्रात म्हटले होते.

“गुणवंत, शुद्धिपत्रक काढलं की तीन हजार अर्ज परत जिवंत होतील,” मॅडम म्हणाल्या. “ते ठेवायचे कुठे?” कपाट खरोखरच भरलेले होते. वरच्या कप्प्यात चारशे बारा शब्द होते.

“आणि तो एक नळ कोणाला मिळणार?”

“पट७म४ला,” त्या म्हणाल्या. “ज्याचा आहे त्याला.”

मी स्वप्नीलला फोन केला. तो म्हणाला, “सर, सिंपल आहे. पाच वाजता पडद्यावर ज्याचं नाव असेल त्याला. शेवटी येईल तो खरा.”

म्हणजे शेवंतीबाईंनी महिनाअखेरीस सर्वांत शेवटी अर्ज द्यायचा, एवढेच करायचे होते. मी हे त्यांना समजावून सांगितले, आणि अर्ज लिहून घ्यायचा असल्याने बबनरावांनाही. बबनरावांनी ते गुपित आपल्या अशिलांपुरतेच ठेवले. बबनरावांचे अशील म्हणजे साधारण सारे गाव.

महिनाअखेरीस सकाळी मी कार्यालयात पोचलो तेव्हा खिडकी दोनसमोर रांगेत पहिल्या शेवंतीबाई उभ्या होत्या.

“मावशी, शेवटी यायचं होतं तुम्ही.”

“ठाव हाय सायब. पन पाय आइकत न्हाय. पान्याला मागं ऱ्हायलं त हंडा रिकामा येते.”

त्यांच्यामागे दुपारपर्यंत चौसष्ट माणसे जमली. आणि त्या दिवशी मी असा विनय पाहिला की तो पुन्हा दिसणे नाही. ज्या गावात रिक्षासाठी माणसे एकमेकांच्या पायांवरून जातात, तिथे कोणी पुढे सरकेना. एक जण चष्मा शोधत होता. एकाला झेरॉक्स काढायची आठवण झाली. हंसाबेन म्हणून एक बाई मागच्याला म्हणत होत्या, “आप जाओ ना भाईसाब, आपको ऑफिस होगा,” आणि भाईसाब म्हणत होते, “नहीं नहीं बेन, लेडीज फर्स्ट.” ममता खिडकीत रिकाम्या बसल्या होत्या. साडेतीनला त्यांना राहवेना. नोकरीत प्रथमच त्यांनी बाहेर डोके काढून म्हटले, “अहो, या की कोणीतरी.” यावर रांग दोन पावले मागे सरकली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायचा होता, तो मी बदलला. स्टुलावर उभे राहून सेल बदलताना काटा चारपाच मिनिटे पुढे गेला असावा. असे होते.

मोबाइलमध्ये पाचला दहा कमी झाले तशी रांगेत चुळबुळ सुरू झाली. प्रत्येकाला शेवटून पहिले व्हायचे होते आणि त्यासाठी आधी दुसऱ्या कोणीतरी जायला हवे होते. सर्वांच्या नजरा साहजिकच पुढे गेल्या.

“मावशी, तुम्ही सकाळपासून उभ्या आहात, तुम्ही जा.”

“हां मौसी, आपका नंबर पहिला है.”

“वयाचा मान आहे, मावशी.”

शेवंतीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. त्या रांगेकडे वळून म्हणाल्या, “मना बाजारान जाऊन बसायचा हाय. मासली तुमच्यासाठी थांबत न्हाय. तुमी ऱ्हावा उभे.” आणि त्यांनी अर्ज आत सरकवला. ममतांनी एकेका अक्षरावर बोट ठेवले. अर्ज नमुन्याबरहुकूम होता, कारण नमुना त्यांचाच होता. संगणकाने विचारले, बदलू का? ममता म्हणाल्या, होय. आणि भिंतीवर पाच वाजले.

खिडकी पडली. रांगेत ओरड झाली. चौसष्ट मोबाइलमध्ये अजून पाच वाजायला चार मिनिटे होती. मी शांतपणे पुस्तिकेचे पान ११८ उघडून काचेला लावले. लोकांनी ते वाचले. छापलेले होते, त्यामुळे ते शांत झाले. मॅडम आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मनगटाकडे पाहिले, आणि आत जाऊन सही केली. त्यांच्याबद्दल मी याच्याआधी काही वाकडे लिहिले असेल तर ते मागे घेतो.

पंधरा दिवसांत पालीला अंगणात नळ आला. शेवंतीबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिले आणि पहिला हंडा राघोंनी बसल्या जागेवरून भरला. मी समोर होतो. मला गहिवरून आले, हे सांगायला संकोच वाटत नाही.

कक्ष शून्य प्रलंबित जाहीर झाला. अर्ज निकाली निघाल्याचे पत्र त्या संकेतांकाच्या प्रत्येक अर्जदाराला पाठवणे नियमाने आवश्यक होते, म्हणून तीन हजार एकशे अठरा पत्रे गेली. मजकूर एकच: ‘आपल्या अर्जानुसार आपणांस नळ देण्यात आला आहे. ठिकाण: पाली.’ वरसावे, चेणे, भाईंदर, सगळीकडे गेली. माझ्या घरीही आले. तक्रार एकाचीही आली नाही. लोकांनी पत्र वाचले, लॅमिनेट केले आणि जपून ठेवले. पुढे कधी पत्त्याचा पुरावा म्हणून लागेल.

मी रविवारी दोन कॅन घेऊन उत्तनची बस पकडतो. पत्राप्रमाणे तो नळ माझाही आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेवंतीबाई बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी कॅनकडे पाहिले आणि विचारले, “नंबर काय, सायब?”

“पट७म४.”

“माजा पन तोच,” त्या म्हणाल्या. “भरा.”

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती सध्या मी लिहीत आहे. पान ४४ बदलावे का, यावर समितीत विचार चालू आहे. मला विचाराल तर बदलण्यात अर्थ नाही. वाचकहो, तुम्ही हसलात, ते ठीक आहे. पण तुमच्या रेशनकार्डाचा क्रमांक काय? मतदार ओळखपत्राचा? घरच्या वीजमीटरचा? पाहा, उठून कपाटाकडे जावे लागले. आणि शेवंतीबाईंचा? तो मात्र तोंडपाठ झाला आहे, सात कुठे आणि चार कुठे यासकट. उद्या एखाद्या खिडकीसमोर उभे असताना रिकामा रकाना दिसला आणि मागचा माणूस घाई करू लागला, तर तुमचा हात काय लिहील ते मला माहीत आहे. लिहा. पालीला रविवारी सकाळी गर्दी कमी असते. कॅन मात्र आपापला आणावा.